फास्टर फेणेनंतर काय द्यावे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी अकरा वर्षांची, सहावीत, सेमी-इंग्रजी माध्यमात शिकणारी. फास्टर फेणेची मिळतील तेवढी पुस्तके तिने दोन सुट्ट्यांत संपवली, हॅरी पॉटरचे पहिले तीन भाग इंग्रजीतून वाचले, आणि आता कोणतीही साहसकथा पुढे केली की ती म्हणते, ‘‘याला काही होणारच नाही, मला आधीच माहीत आहे.’’ नातेवाईक वाढदिवसाला बोधकथा देतात आणि त्या न उघडता कपाटात जातात. तुम्हाला साहसाच्या अशा कादंबऱ्या हव्या आहेत, ज्यांतील मूल गोष्टीबरोबर मोठे होत जाते, आणि त्या शक्यतो मराठीत हव्या आहेत.

मी सातारा जिल्ह्यातील एका अनुदानित शाळेत 24 वर्षे ग्रंथपाल म्हणून काम केले. पाचवी ते दहावीच्या तुकड्या, प्रत्येक तुकडीला आठवड्यातून एक वाचनतास, आणि कपाटांत निम्मी पुस्तके अशी की जी कोणत्याही मुलाने कधी आपणहून मागितली नाहीत. पुढे जे लिहीत आहे ते त्या तासांतून सुचलेले आहे. काही कादंबऱ्यांचे शेवट मला सांगावे लागतील. पालकाला शेवट माहीत असल्याशिवाय या प्रकारचे पुस्तक मुलाच्या हाती देऊ नये असे माझे मत असल्यामुळे त्याबद्दल मी क्षमा मागत नाही. मात्र हे उत्तर मुलीला वाचायला देऊ नका.

प्रथम तिच्या तक्रारीकडे नीट पाहू. ‘याला काही होणारच नाही’ हे वाक्य ऐकून आपल्याला वाटते की तिला आता अधिक भयंकर संकटे हवी आहेत, आणि मग आपण अधिक रक्त, अधिक राक्षस असलेली पुस्तके शोधू लागतो. मला वाटते तिचे म्हणणे निराळे आहे. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात येतो, सायकलवर बसतो, ‘टॉक्’ करतो, चोर पकडतो आणि पुढच्या पुस्तकात पुन्हा तितक्याच वयाचा, तितकाच किडकिडीत आणि तितकाच उत्साही होऊन हजर होतो. मालिकेच्या नायकाने बदलायचे नसते. तो बदलला तर मुलांचा मित्र हरवतो. वाचनाची गोडी लावण्यासाठी मराठीत त्याच्यासारखा दुसरा कोणी मी पाहिलेला नाही आणि त्याच्याविरुद्ध एक शब्दही मला लिहायचा नाही. पण अकराव्या-बाराव्या वर्षी काही मुलांच्या लक्षात येते की या मुलाला साहसाची किंमत कधी मोजावी लागत नाही. त्या क्षणी त्यांना जे हवे असते ते मोठे संकट नसून, परत न मिळणारी एखादी गोष्ट गमावणारा नायक असतो. तुमची मुलगी त्या टप्प्यावर आली आहे असे दिसते आणि माझ्या अनुभवाने ती थोडी लवकरच आली आहे.

म्हणून या वयासाठी कादंबरी निवडताना मी एकच कसोटी लावत असे. पहिल्या प्रकरणातील मूल आणि शेवटच्या प्रकरणातील मूल यांना समोरासमोर उभे केले तर ती एकमेकांना ओळखतील का? अगदी सहज ओळखतील, तर ती साहसकथा आहे. उत्तम असेल, पण तुम्ही विचारता ती नव्हे. ओळखतील, पण पहिल्याला दुसऱ्याची थोडी भीती वाटेल, अशी शक्यता असली की मी ते पुस्तक वेगळ्या फळीवर ठेवत असे.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला येथून ठरवता येणार नाहीत. पहिली गोष्ट भाषेची. इंग्रजीतून भराभर वाचणारी मुले मराठी बोलतात उत्तम, पण छापील प्रमाण मराठीतील लांब वाक्ये आणि जोडाक्षरे त्यांना दमवतात. मग ती ‘पुस्तक कंटाळवाणे आहे’ असे सांगतात, कारण ‘मला वाचताना धाप लागते’ हे सांगण्याची त्यांना लाज वाटते. दुसरी गोष्ट घरातील. गेल्या वर्षभरात घरात आजारपण, मृत्यू, स्थलांतर किंवा पाळलेल्या जनावराचे जाणे असे काही झाले असेल, तर खाली सांगितलेला क्रम बदलावा लागेल. तिसरी गोष्ट वाचनाच्या वेगाची, आणि येथे मी स्वतः चुकलेली आहे. पाचवीतील एक मुलगा आठवड्याला चार पुस्तके संपवत असे. त्या वेगावर खूश होऊन मी त्याला ‘पाडस’ दिले. त्याने ते तीन दिवसांत परत केले आणि ‘‘हरणाची गोष्ट आहे’’ एवढेच सांगितले. चूक त्याची नव्हती. भराभर वाचता येणे आणि एखाद्या दुःखाजवळ थांबता येणे ही दोन निरनिराळी कौशल्ये आहेत, आणि मी त्यातले एक पाहून दुसरे गृहीत धरले होते. तोच मुलगा आठवीत ते पुस्तक पुन्हा घेऊन गेला आणि तीन आठवडे परत आणेना.

‘पाडस’चे नाव आलेच आहे, तर त्याविषयी सविस्तर लिहितेच, कारण तुमच्या प्रश्नाचे सर्वात पूर्ण उत्तर माझ्या दृष्टीने हेच आहे. मार्जोरी किनन रॉलिंग्ज या अमेरिकन लेखिकेची ही कादंबरी 1938 साली प्रसिद्ध झाली, दुसऱ्या वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले, आणि राम पटवर्धनांनी तिचा केलेला अनुवाद मराठीत इतका रुजला की अनेक जणांना ती मूळची मराठीच वाटते. फ्लोरिडाच्या रानात, शेजारी काही मैल दूर असलेल्या एका वस्तीवर ज्योडी नावाचा बारा वर्षांचा मुलगा आईवडिलांबरोबर राहतो. कादंबरीत साहस भरपूर आहे. स्लूफूट नावाच्या धूर्त अस्वलाचा पाठलाग आहे, पूर आहे, लांडगे आहेत, शेजाऱ्यांशी मारामाऱ्या आहेत. रानात वडिलांना विषारी साप चावतो आणि विष शोषून घेण्यासाठी ते तत्क्षणी एका हरिणीला गोळी घालून तिचे काळीज जखमेवर लावतात. त्या हरिणीचे पोरके पाडस ज्योडी घरी आणतो. हा प्रसंग मी वर्गात मोठ्याने वाचत असे तेव्हा मागच्या बाकांवरचाही आवाज थांबत असे.

खरी कादंबरी त्यानंतर सुरू होते. पाडस वाढते आणि कोवळे पीक खाऊ लागते. ज्योडी कुंपण उंच करतो, ते कुंपणावरून उडी मारते. वर्षाचे पीक गेले तर घर उपाशी राहणार, वडील अंथरुणाला खिळलेले, आणि ते ज्योडीला सांगतात की पाडसाला गोळी घाल. ते त्याच्याने होत नाही. आई गोळी झाडते, पण तिचा नेम चुकतो आणि जखमी जनावराला वेदनेतून सोडवण्याचे काम अखेर ज्योडीवरच येते. तो घरातून पळतो, उपाशी भटकतो आणि परत येतो. या कादंबरीत कोणी दुष्ट नाही; दोन्ही बाजू बरोबर आहेत आणि तरीही एकाला मरावे लागते, हे अकरा-बारा वर्षांच्या वाचकाला बहुधा प्रथमच भेटते.

माझी कसोटी या पुस्तकात तर लेखिकेनेच लावून ठेवली आहे. पहिल्या प्रकरणात ज्योडी काम टाकून झऱ्यावर जातो आणि पात्यांची एक छोटीशी पाणचक्की करतो. ती फिरताना पाहून त्याला झोप लागेपर्यंत सुख होते. शेवटी परत येताना तो त्याच झऱ्याशी थांबतो आणि पुन्हा तशीच चक्की करतो. ती फिरते, पण आता त्या नुसत्या पानांच्या पट्ट्या असतात. ज्यांना हे दोन प्रसंग आपोआप जोडता आले अशी मुले मला चोवीस वर्षांत फार मिळाली नाहीत, पण ज्यांना ते जोडता आले त्यांना मी नंतर कोणतेही पुस्तक निर्धास्तपणे दिले.

एक अनुभव येथे सांगितला पाहिजे. शहरातून बदलून आलेल्या नोकरदारांची मुले या पुस्तकाच्या शेवटी रडत आणि आईला निर्दयी ठरवत. माण तालुक्याच्या बाजूने आमच्या वसतिगृहात राहायला आलेला एक मेंढपाळ घरातील मुलगा सातवीत होता. त्याने सगळ्यांचे ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘पीक खाल्ल्यावर मग तिने करायचे काय होते?’’ नंतरच्या तासाला वर्गात दोन तट पडले आणि मी गप्प बसून राहिले. त्या मुलाच्या घरी दुष्काळात जनावरे विकलेली होती. तुमची मुलगी कोणत्या तटात असेल हे तुम्हीही आधी सांगू शकणार नाही, आणि ते कळण्यासाठी तरी हे पुस्तक द्यावे असे मला वाटते. मात्र आता लगेच नको. सहावीच्या उन्हाळ्यात किंवा सातवीत, आणि पहिली तीन-चार प्रकरणे तुम्ही स्वतः मोठ्याने वाचून. आरंभ संथ आहे, झाडाझुडपांची वर्णने आहेत, आणि तेथेच बहुतेक मुले पुस्तक मिटतात. अस्वलाच्या पाठलागापर्यंत पोचली की तुमची गरज उरत नाही.

लगेच देण्यासाठी मी स्टीव्हन्सनची ‘ट्रेझर आयलंड’ सुचवेन. ती 1883 साली पुस्तकरूपाने आली आणि समुद्री चाचे, नकाशा, खांद्यावर पोपट असलेला एका पायाचा खलाशी हे सारे मुलांना चित्रपटांतून आधीच ठाऊक असते, म्हणून आपल्याला ती नुसती मौजेची गोष्ट वाटते. ती तशी नाही. जिम हॉकिन्सचे वडील आरंभीच वारतात. जहाजावरचा आचारी लाँग जॉन सिल्व्हर त्याच्याशी इतक्या आपुलकीने वागतो की जिमबरोबर वाचकही त्याच्या प्रेमात पडतो. मग एके संध्याकाळी सफरचंद घेण्यासाठी जिम पिंपात उतरतो आणि आत बसल्या बसल्या त्याच सिल्व्हरला खुनाचा कट रचताना ऐकतो. शिवाय जिमला गोड वाटलेली स्तुती तो दुसऱ्या एका पोरालाही अगदी त्याच शब्दांत ऐकवत असतो. मुलांना धक्का कटाचा बसत नाही, या दुसऱ्या गोष्टीचा बसतो. वर्गात एकदा एक मुलगी म्हणाली, ‘‘म्हणजे तो सगळ्यांनाच तसे म्हणतो.’’ विश्वास ठेवावा असा मोठा माणूस कसा ओळखावा हा प्रश्न या वयाला नुकता पडू लागलेला असतो, आणि ही कादंबरी त्याचे सोपे उत्तर देत नाही, कारण सिल्व्हर शेवटपर्यंत थोडासा आवडतच राहतो. खजिना मिळतो, पण जिम सांगतो की पुन्हा कोणी कितीही ओढले तरी त्या बेटावर तो जाणार नाही, आणि त्याला अजून रात्री पोपटाची किंकाळी ऐकू येते.

येथे मला एक जुना राग व्यक्त करू द्या. या कादंबरीची मराठीत अनेक रूपांतरे झाली आहेत आणि त्यांतील पुष्कळशी पन्नास-साठ पानांची आहेत. मूळ कादंबरीची सहा भागांत 34 प्रकरणे आहेत. पन्नास पानांत नकाशा, जहाज, लढाई आणि खजिना एवढेच बसते. पिंपातला प्रसंग अर्ध्या पानावर येतो आणि सिल्व्हर पहिल्या ओळीपासून ‘दुष्ट सिल्व्हर’ होतो. म्हणजे मूल ज्यामुळे मोठे होणार, नेमका तोच भाग कापला जातो आणि ‘याला काही होणारच नाही’ असे म्हणायला तुमची मुलगी पुन्हा मोकळी होते. पुस्तक घेताना पाने मोजा आणि मुखपृष्ठावर ‘संक्षिप्त’ शब्द आहे का ते पाहा. पूर्ण मराठी प्रत न मिळाल्यास, ती हॅरी पॉटर इंग्रजीतून वाचत असल्यामुळे, मूळ पुस्तक द्या. आरंभीची खलाशांची बोली अवघड जाईल, तेथे मदत करा. ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्यांची भागवतांनी केलेली रूपांतरे या बाबतीत फार वरच्या दर्जाची आहेत आणि फास्टर फेणेच्या वाचकाला ती भाषा घरची वाटते. पण व्हर्नच्या नायकांपेक्षा त्याची वाहने आणि त्याचे प्रदेश अधिक लक्षात राहतात, म्हणून तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने त्यांना मी दुसऱ्या फळीवर ठेवेन.

मुलींविषयी तुम्ही वेगळे विचारलेले नाही, तरी मी लिहिते. आपल्याकडील साहसकथांत घराबाहेर पडणारे मूल बहुतेक वेळा मुलगा असते आणि मुलगी डबा देते, नाहीतर तिला सोडवावे लागते. माझ्या ग्रंथालयातील मुलींनी याची तक्रार फारशी केली नाही, त्या बिनतक्रार फास्टर फेणे होऊन जात. तरीही निदान दोन पुस्तके अशी असावीत असे मला वाटे. बेव्हर्ली नायडू यांची ‘जर्नी टू जोबर्ग’ ही 1985 सालची छोटी इंग्रजी कादंबरी त्यांपैकी पहिली. वर्णद्वेषी राजवटीतील दक्षिण आफ्रिकेत नलेदी ही तेरा वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा भाऊ टिरो खेड्यात आजीजवळ राहतात. आई तीनशे किलोमीटरहून दूर जोहान्सबर्गला गोऱ्यांच्या घरी काम करते. धाकटी बहीण तापाने फणफणते, डॉक्टरला द्यायला पैसे नाहीत, आणि नलेदी ठरवते की आईला जाऊन आणायचे. रस्ता, भूक, एक ट्रकवाला, शहर, पोलिस, ओळखपत्रांची सक्ती असे एकामागून एक येत जाते. परत येताना नलेदीला आई दूर का असते हे कळलेले असते, आणि ते तिला कोणी व्याख्यान देऊन सांगितलेले नसते. हे पुस्तक त्याच देशात 1991 पर्यंत बंदीखाली होते, एवढे सांगितले की मुले ते हमखास उचलतात. दोन बैठकांत संपते आणि इंग्रजी सोपे आहे. मी हातात पुस्तक धरून चालता चालता मराठीत सांगत असे, तसे तुम्हालाही जमेल.

दुसरे, स्कॉट ओडेल यांचे 1960 सालचे ‘आयलंड ऑफ द ब्लू डॉल्फिन्स’. कॅलिफोर्नियाजवळच्या सॅन निकोलस बेटावर एक आदिवासी स्त्री 1853 पर्यंत अठरा वर्षे एकटी राहिली होती. तिच्यावरून सुचलेली ही गोष्ट आहे. कादंबरीतील करानाच्या भावाला रानटी कुत्रे मारतात. तिच्या जमातीत बायकांनी शस्त्र करायचे नसते, ती ते करते, सूड घ्यायला निघते आणि शेवटी कळपाच्या म्होरक्यालाच जखमी अवस्थेत घरी आणून बरे करते. संवाद जवळजवळ नाहीत, म्हणून उतावळ्या वाचकाला हे चालत नाही. तुमच्या मुलीला चालेल की नाही, पहिली वीस पाने सांगतील.

‘हे खरे घडले का?’ असे प्रत्येक गोष्टीला विचारणारी मुले असतात. तुमची मुलगी तशी असेल तर कादंबरीचा आग्रह सोडा आणि वीणा गवाणकरांचे ‘एक होता कार्व्हर’ द्या. हे चरित्र आहे, पण त्याचा पहिला एकतृतीयांश भाग मी नेहमी साहसकथा म्हणूनच पुढे केला. गुलाम आईचे तान्हे मूल टोळीवाले पळवून नेतात आणि मालक ते एका घोड्याच्या बदल्यात परत मिळवतो. आई कधीच सापडत नाही. तेच मूल दहा-बारा वर्षांचे झाल्यावर शाळेसाठी एकटे चालत दुसऱ्या गावी जाते, लोकांचे कपडे धुऊन शिकते, एका महाविद्यालयात पत्राने प्रवेश मिळवून दाराशी पोचते आणि कातडीचा रंग पाहून परत पाठवले जाते. घोड्याच्या बदल्यात मूल, एवढे एक वाक्य मी वर्गात उच्चारत असे आणि त्या आठवड्यात आमच्या चारही प्रती बाहेर असत.

सत्यजित राय यांच्या फेलूदाच्या कथा अशोक जैन यांच्या अनुवादातून मराठीत आहेत. त्या रहस्यकथा आहेत, पण सांगणारा तोपशे हा पोरसवदा आहे आणि हुशार मोठ्या माणसाजवळ राहून तो पाहायला शिकतो. मधल्या काळात, जड पुस्तकांच्या दरम्यान, त्यांचा फार उपयोग होतो. जैसलमेरच्या किल्ल्याची कथा प्रथम द्या.

काही पुस्तके अशी आहेत, जी लोक तुम्हाला नक्की सुचवतील आणि मी थांबायला सांगेन. प्रकाश नारायण संतांच्या लंपनच्या कथा मला स्वतःला मराठीतील मोठे होण्याच्या लेखनात सर्वात प्रिय आहेत. आईवडिलांपासून दूर आजीआजोबांकडे राहणाऱ्या त्या मुलाचे सारे साहस मनातल्या मनात चालते, आणि नेमकी तीच गोष्ट अकराव्या वर्षी दिसत नाही, पंधराव्या वर्षी दिसते. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ आकाराने छोटी आहे, एक कोवळा मास्तर पहाटेच्या अंधारात धनगरांच्या वाडीकडे चालत निघतो हा आरंभ साहसकथेलाही शोभावा असा आहे, आणि शेवटी दुष्काळात ओस पडलेली वाडी सोडून निघणारा मास्तर आधीचा राहिलेला नसतो. ती आठवीत द्या. ‘पाडस’ आवडले असेल तर सातवीच्या शेवटीही चालेल. मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ नववीतल्या मुलांची आहे आणि ती नववीतच वाचू द्यावी.

राहता राहिली नातेवाइकांची भेट. त्या कपाटातील गठ्ठ्यात ‘श्यामची आई’ असणारच असे मी धरून चालते. तिला संस्कारांचे पुस्तक म्हणून पुढे केल्यामुळे मुले तिच्यापासून पळतात. त्यातील पोहण्याचा प्रसंग तेवढा काढून वाचून दाखवा. श्याम पाण्याला भितो, पोहायला जायचे म्हणून लपून बसतो, आणि त्याची प्रेमळ आई त्याला शिपटीने झोडपून विहिरीवर पाठवते. ‘‘ही आई मारते?’’ असे माझ्या वर्गातील मुले आश्चर्याने विचारत, आणि त्या दिवशी दोघेचौघे तरी पुस्तक घेऊन जात. पुढे ती किती वाचतात याची मी चौकशी करत नसे.

पुस्तक देण्याच्या पद्धतीबद्दल थोडेसे, कारण निवड बरोबर असूनही येथे बिनसते. एका वेळी एकच पुस्तक समोर ठेवू नका; दोन ठेवा, आणि नाकारण्याची मुभा स्पष्ट द्या. माझ्याकडे तीस पानांचा करार असे. तीस पाने वाचून परत आणले तर ‘का’ असे मी विचारणार नाही, त्याआधी आणले तर विचारणार. पुस्तक संपल्यावर ‘काय शिकलीस’ हा प्रश्न कृपा करून टाळा. मी एकच प्रश्न विचारत असे: ‘‘आता ही मुलगी पूर्वी करायची ते काय करणार नाही?’’ नलेदीबद्दल एका मुलीने दिलेले उत्तर मला अजून आठवते: ‘‘आईचे पत्र आले की नुसता खाऊ आला का ते बघणार नाही.’’ उत्तर आले नाही तरी बिघडत नाही. काही मुले दोन महिन्यांनी, भांडी घासताना वगैरे, अचानक उत्तर देतात असे पालकांनी मला सांगितले आहे.

तेव्हा तुमच्यासाठी क्रम असा राहील. सुरुवातीला नलेदीचे छोटे पुस्तक, कारण त्यात धोका खरा आहे आणि दमछाक नाही. त्याच्या जोडीला, निवडीसाठी, ‘एक होता कार्व्हर’. दिवाळीच्या सुट्टीत ‘ट्रेझर आयलंड’, पूर्ण. मध्ये दम खायला फेलूदा. आणि मे महिन्यात, तुमच्याजवळ रोज संध्याकाळी अर्धा तास असेल तर, ‘पाडस’. अर्धा तास नसेल तर ते पुढच्या वर्षावर ढकला, नुसते टेबलावर ठेवून पाहू नका. हॅरी पॉटरचे पुढील भाग ती वाचतच राहील आणि वाचू द्यावेत. चौथ्या भागाच्या शेवटी तिला तेथेही ‘काही होणारच नाही’ हे वाक्य मागे घ्यावे लागेल.

पुस्तके मिळण्याबद्दल. सगळी विकत घेण्याची गरज नाही. महाराष्ट्रात 1967 च्या कायद्याखाली अनुदान मिळणारी सार्वजनिक वाचनालये गावोगावी आहेत आणि तालुक्याच्या ठिकाणच्या जुन्या वाचनालयात वरीलपैकी बरीच मराठी पुस्तके निघतात. बालविभागात न मिळाल्यास कादंबऱ्यांच्या कपाटात विचारा, कारण ‘पाडस’ पुष्कळ ठिकाणी मोठ्यांच्या कपाटात ठेवलेले असते. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे 1971 पासूनचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. कादंबरीला तो पर्याय नाही, पण मराठी वाचताना लागणारी धाप कमी करण्यासाठी रोज एक कथा हा उत्तम व्यायाम आहे.

वाचनालयातील जुनी प्रत घेतलीत तर शेवटची पाने जागेवर आहेत ना, एवढे पाहून घ्या. आमच्या ‘पाडस’च्या एका प्रतीची शेवटची दहा-बारा पाने बांधणीतून निसटून गेली होती आणि ते माझ्या लक्षात येईपर्यंत तीन मुलांनी ती वाचलेली होती. ज्योडी घरातून पळाला, येथेच त्यांचे पुस्तक संपले होते. मी प्रत्येकाला पुढे काय झाले असेल ते वहीत लिहून आणायला सांगितले. एकाने त्याला बोटीत बसवून बॉस्टनला पोचवले होते. दुसऱ्याच्या शेवटात तो घरी येतो तेव्हा घर रिकामे असते. तिसरी मुलगी होती. तिने चारच ओळी लिहिल्या होत्या. त्यांत तो तीन दिवसांनी घरी येतो, कोणाशी बोलत नाही आणि आईला म्हणतो, भूक लागली आहे. मी तिला दुसरी, धड प्रत काढून दिली.